धोट्याचा विटाळ आणि गिरणीतले संग्रहालय

मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ ची जागा आहे. गिरणी बंद पडली, माग थांबले, भोंगा मुका झाला. त्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम मुंबई महानगरपालिकेने हाती घेतले. भारतीय वस्त्रांची परंपरा, गिरण्यांचा इतिहास आणि गिरणगावचे जीवन तिथे मांडले जावे अशी कल्पना आहे. पहिल्या टप्प्यात तळे आणि त्यावर कारंज्यांचा खेळ यांचीही योजना झाली. कल्पना चांगली आहे. तिला विरोध करण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही.

याच गिरणीसमूहाची दुसरी एक जागा या नियतकालिकाच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. चैत्यभूमीजवळची इंदू मिल म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते तिच्या आवारात शिरले, आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी तिथे बाबासाहेबांच्या स्मारकाची पायाभरणी झाली. ससून घराण्याच्या मालकीच्या गिरण्या १९४३ साली विकल्या गेल्या आणि इंडिया युनायटेड या नावाने चालू लागल्या, त्याच या गिरण्या. एका जागेसाठी आपण रस्त्यावर आलो. दुसऱ्या जागेत काय मांडले जाणार, याविषयी आपण चकार शब्द काढलेला नाही. हे आपले चुकले असे मला वाटते.

किकवी हे भोर तालुक्यातले, पुणे-सातारा रस्त्यावरचे गाव. इथे बसून मी काळाचौकीची उठाठेव का करतो, असे कोणी विचारील. मुंबईच्या गिरण्या एकट्या मुंबईने चालवल्या नाहीत. त्या कोकणाने, घाटाने आणि मावळाने चालवल्या. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून माणसे गेली. त्यांत आमच्या वाड्यातलीही गेली. माझे वडील १९४० नंतरच्या दशकात गेले आणि एका गिरणीच्या रिंग खात्यात बदली कामगार म्हणून लागले. मागावर जास्त पैसा सुटतो, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळले. त्यांनी मुकादमाला विचारले. तो म्हणाला, ‘तिकडं तुमची मान्सं नसत्यात.’ वडील सांगत, की त्याने हे रागाने म्हटले नाही, शिवीही दिली नाही. आज बाजार बंद आहे असे सांगावे तसे त्याने ते सांगितले. आणि वडीलही मुकाट्याने आपल्या साच्यावर परत आले.

या एका वाक्यात गिरणीतली जातिव्यवस्था सबंध मावते. संग्रहालयाच्या मांडणीत हे वाक्य कुठे बसणार, हाच माझा प्रश्न आहे.

१

प्रश्न नीट कळायचा तर गिरणीतले काम कसे चालते ते आधी समजून घेतले पाहिजे. आजच्या विद्यार्थ्याने कापूस पाहिलेला असतो आणि कापड पाहिलेले असते. मधला प्रवास त्याने पाहिलेला नसतो.

गाठी फोडून कापूस प्रथम ब्लोरूममध्ये जातो. तिथे तो झोडला जातो, कचरा निघतो. मग कार्डिंग, म्हणजे पिंजण. त्यातून पेळू निघतो. तो ओढून, जोडून, पुन्हा ओढून बारीक केला जातो आणि रिंग खात्यात येतो. रिंगच्या साच्यावर शेकडो चात्या एकदम फिरतात. पेळवाला पीळ बसून सूत होते आणि नळीवर गुंडाळले जाते. सूत तुटले की कामगाराने चालत्या साच्यावर हात घालून बोटांनी ते सांधायचे. दिवसभर साच्यांच्या रांगांतून फिरायचे आणि सांधायचे, हे रिंग खात्यातले काम.

पुढे सुताच्या दोन वाटा होतात. ताण्याचे सूत वाइंडिंग आणि वार्पिंगमधून जाते, त्याला कांजी लागते, मग ते तुळईवर चढून मागाकडे येते. बाण्याचे सूत कांडीवर भरलेले असते. ही कांडी पुष्कळदा रिंगच्या साच्यावरच भरली जाई आणि तिथून सरळ मागावर जाई. ती धोट्यात बसवायची. धोटा ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावतो आणि कापड विणले जाते. विणाई खात्याला कामगार साळखाते म्हणत.

प्रत्येक खात्याला आपले आजार होते. ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये कापसाची धूळ छातीत बसे. साळखात्यात मागांच्या खडखडाटाने कान जात. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली असे. परंतु आजार सारखे असले तरी पगार सारखे नव्हते. साळखात्यात कामावर दर मिळे, आणि गिरणीतल्या मोठ्या खात्यांत तिथली कमाई उजवी होती. रिंग खात्यातली कमाई तिच्या खाली होती. मुंबईतला अस्पृश्य कामगार मुख्यतः रिंग आणि त्यासारख्या कमी पगाराच्या खात्यांत होता. साळखात्याचे दार त्याला बंद होते.

२

दार बंद असण्याचे कारण म्हणून जे सांगितले जाई, ते एका छिद्राएवढे होते.

धोट्याच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. कांडी संपली की विणकराने नवी कांडी धोट्यात बसवायची आणि तिच्या सुताचे टोक या छिद्रातून बाहेर काढायचे. जुन्या धोट्यात त्याची सोपी रीत म्हणजे छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढायचा. श्वासाबरोबर सूत बाहेर येते. एक कांडी थोडी मिनिटेच पुरते. म्हणजे विणकर दिवसातून शेकडो वेळा धोटा तोंडाला लावणार. पाळी बदलली, बदलीवाला आला, की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. सवर्ण विणकर म्हणे, महाराच्या तोंडाचा धोटा मी तोंडाला कसा लावू? विटाळ होईल.

आता हे कारण जरा उलटून पाहू.

ज्या सुताचे टोक तो सवर्ण विणकर ओठांनी ओढून घेत होता, ते सूत आले कुठून? रिंग खात्यातून. ते कोणाच्या बोटांनी सांधलेले होते? पुष्कळदा आमच्या माणसांच्या. म्हणजे दलिताच्या बोटांतून गेलेला धागा तोंडात घेताना विटाळ होत नव्हता. दलिताच्या ओठांना लागलेले लाकूड मात्र विटाळत होते. विणलेले कापड सगळी मुंबई अंगावर घाली, देवाला नेसवी, त्यालाही विटाळ नव्हता. विटाळ बरोबर त्या ठिकाणी उभा होता जिथे पगार वाढत होता. त्याच्या अलीकडे तो नाही आणि पलीकडेही नाही.

तंत्राची अडचण होती म्हणावे तर तीही खरी नाही. धोट्याला तोंड लावण्याची रीत मुंबईची नव्हे, ती लँकेशायरहून यंत्रांबरोबर आली. तिकडेही तिच्याविरुद्ध ओरड झाली, पण ती रोगराईच्या भयाने. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते म्हणून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली असल्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. इंग्लंडने फार उशीर केला, तरी १९५२ साली तसा नियम केला. आपोआप सूत ओवून घेणारा धोटा नॉर्थ्रॉपच्या स्वयंचलित मागाबरोबर १८९० नंतरच्या दशकातच बाजारात आला होता. सूत बोटांनी किंवा बारीक आकड्याने काढता येते असेही धोटे होते. म्हणजे विटाळाची खरोखरच चिंता असती तर धोटा बदलता आला असता. मुंबईच्या गिरण्यांत माणूस बाहेर ठेवला गेला आणि धोटा होता तसाच राहिला. ज्याला त्यातून फायदा होता त्याला बदलण्याचे कारण नव्हते, आणि मालकाला स्वस्त मजूर रिंग खात्यात हवाच होता.

याहून कडवट गोष्ट विदर्भात दिसते. तिकडे महार समाजातली कित्येक घरे हातमागावर जाडेभरडे कापड विणून पोट भरीत. विणण्याची विद्या त्यांच्या हातांत पिढ्यान् पिढ्या होती. त्याच समाजाचा माणूस मुंबईच्या गिरणीत आला की मागाला हात लावायला अपात्र ठरे. तेव्हा हे कसब नसल्याचे प्रकरण नव्हते. कसबाची मक्तेदारी राखण्याचे प्रकरण होते.

३

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२८ च्या एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. तो ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने चालला आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. संप समितीने मागण्यांची यादी केली. त्या यादीत अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क असला पाहिजे, ही मागणी घाला, नाहीतर आमच्या लोकांना मी संपात सामील होऊ नका असे सांगेन, असे बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी मागणी घेतली, पण नाखुशीने. आणि ती मालकांपुढे ठेवली तेव्हा मालकांनी त्यांनाच टोला दिला, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही तरी जबाबदार नाही!

या उत्तराचा विचार आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर करावा. मालक अर्धे खरे बोलत होते. साळखात्याचे दार सवर्ण कामगारांनी धरून ठेवले होते. परंतु दाराला कडी होती ती मालकाच्याच गिरणीची, आणि त्या दारामुळे कामगारांचे दोन तुकडे होत होते ते मालकाच्याच पथ्यावर पडत होते. वर्ग आणि जात यांचा वाद आपल्याकडे अनेक वर्षे पुस्तकांतून चालला. त्याचे उत्तर १९२८ साली गिरणीच्या दारात पडले होते. जात ही कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी करते, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त मांडले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन होऊ शकतो पण पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, हेही त्यांनी दाखवले. गिरणीत धोटा, रेल्वेत स्टेशनमास्तरचे घर. वस्तू वेगळी, भिंत तीच.

म्हणून बाबासाहेबांना कामगार चळवळीचे विरोधक ठरवणाऱ्यांना एवढेच सांगावे, की त्यांनी कामगारांतल्या भिंतीला विरोध केला. १९२८ सालीच त्यांनी कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला; तो कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध जो एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते.

४

आता संग्रहालयाकडे येऊ.

संग्रहालय मांडणारा माणूस कशावरून मांडतो? त्याच्यापुढे दोन गोष्टी असतात, यंत्रे आणि कागद. यंत्र बोलत नाही. धोटा काचेच्या पेटीत ठेवला तर पाहणाऱ्याला तो गुळगुळीत लाकडाचा, टोकाला धातू बसवलेला, होडीसारखा सुंदर तुकडा दिसेल. त्याच्या छिद्राचा इतिहास त्याला दिसणार नाही. आणि कागद? अस्पृश्यास साळखात्यात घेऊ नये, असा लेखी हुकूम शोधत बसलात तर तो सापडणे कठीण. भरती मुकादमाच्या हातात होती. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या भावकीचा माणूस आणी. नाही म्हणायला त्याला कागद लागत नव्हता; माझ्या वडिलांना त्याने सांगितलेले वाक्य कोणत्याही दप्तरात नाही. जो अन्याय तोंडी झाला त्याचा पुरावाही तोंडीच असणार. यंत्रे आणि कागद यांवर उभे केलेले संग्रहालय, मांडणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतानाही, आपल्याला वगळणार. वगळण्याचा हेतू असण्याची गरज नाही. नेहमीची पद्धत पुरेशी आहे.

जगात बंद गिरण्यांची संग्रहालये पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. अमेरिकेत लोवेल येथे १९७८ साली गिरण्यांचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. तिथल्या बूट गिरणीच्या विणाई दालनात माग खरोखर चालवून दाखवतात आणि पाहुण्यांना आत जाताना कानात घालायला बोळे देतात. आवाज काय असतो हे वाचून कळत नाही. दोन मिनिटे उभे राहिले की कळते. पण लोवेलचा अधिक मोठा धडा वेगळा आहे. त्या गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेतल्या काळ्या गुलामांनी वेचलेला होता, आणि तिथल्या गिरण्या गुलामांच्या अंगावर घालण्यासाठीच स्वस्त जाडेभरडे कापड विणून ते परत दक्षिणेत विकीत. गुलामाच्या कापसाचे कापड गुलामालाच! इंग्लंडमध्ये स्टायल गावी क्वॉरी बँक ही जुनी गिरणी जतन केली आहे. तिथे अनाथ मुलांना कामाला ठेवून ज्या घरात राहवीत, ते १७९० सालचे घरही दाखवतात. गिरणीच्या मालकांचे डोमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते, हेही आता लपवून ठेवलेले नाही. ज्यांचा इतिहास दडपला गेला त्यांच्या वारसांनी आणि सजग अभ्यासकांनी प्रश्न विचारत राहिल्यावर या गोष्टी भिंतींवर आल्या. काळ्या लोकांच्या लढ्याशी आपले नाते १९७२ पासून, दलित पँथरच्या नावापासूनच आहे. संग्रहालयांच्या बाबतीतही ते उपयोगी पडावे.

आपल्याकडे वस्त्रांचे नावाजलेले संग्रहालय म्हणजे अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय. ते १९४९ साली एका गिरणीमालक घराण्याच्या पुढाकाराने झाले. पटोळी, पिछवाया, दरबारी वस्त्रे यांचा तो मोठा ठेवा आहे आणि तो जपला हे चांगलेच झाले. पण गिरणीतल्या मजुराचा दिवस हा त्याचा विषय नाही. काळाचौकीला जे व्हायचे ते खुद्द गिरणीत व्हायचे आहे. तिथे पैठणी आणि हिमरू मांडून भागणार नाही.

५

मग काय मांडावे? मी वास्तुशिल्पी नाही, गावाकडचा माणूस आहे. तरी काही सूचना करतो.

पहिली. विणाई दालनात एक माग असा असावा की त्याच्याजवळ धोटा हातात घेता येईल. पाहणाऱ्याने छिद्र पाहावे, कांडी बसवावी, आकड्याने सूत काढून पाहावे. हे करायला किती कमी वेळ लागतो ते त्याला स्वतःच्या हाताने कळावे. आणि तिथेच, त्याच मागाच्या शेजारी, या छिद्रामुळे कोणाला या खोलीत येऊ दिले नाही ते चार ओळींत लिहिलेले असावे. १९११, १९२८ आणि १९५२ ही तीन साले एकाखाली एक लिहिली तरी निम्मे काम होईल.

दुसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘दलित कामगारांचे दालन’ असे वेगळे दालन आपण मागू नये. कोणी देऊ केले तर नम्रपणे नाकारावे. कोपऱ्यात एक खोली, तिच्यात बाबासाहेबांचे छायाचित्र, आणि मुख्य दालनात माग, कारंजे व पैठणी, ही मांडणी म्हणजे पुन्हा गावकुसाबाहेरचा वाडा झाला. साळखात्यातून ज्यांना बाहेर ठेवले त्यांची हकिकत साळखात्यातच सांगितली पाहिजे. रिंगच्या साच्याजवळ रिंगवाल्याचे बोलणे ऐकू आले पाहिजे, वाइंडिंगजवळ तिथे काम केलेल्या बायांचे. पिण्याच्या पाण्याची सोय दाखवताना, काही गिरण्यांत पाण्याची भांडी वेगळी असत, हे त्या भांड्यापाशीच लिहिले पाहिजे.

तिसरी. वस्त्रपरंपरेच्या दालनात कापड कोणी विणले याबरोबर ते कोणाला नेसू दिले नाही हेही यावे. गावगाड्यात महाराच्या हक्कांत मढ्यावरचे कापड होते. ते कापडही भारतीय वस्त्रपरंपरेचाच भाग आहे. पैठणीच्या शेजारी ते टांगायची हिंमत संग्रहालयात असली पाहिजे. आणि त्याच्या शेजारी डिसेंबर १९२७ ची महाडची सभा यावी. तिथे बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे इतर स्त्रियांसारखे नेसा, जातीची खूण अंगावर वागवू नका, असे सांगितले. लुगडे गुडघ्यापाशी राहील की घोट्यापर्यंत येईल, यात एका समाजाचा इतिहास बदलला. वस्त्राचे याहून मोठे प्रकरण कोणत्या दरबारात घडले?

चौथी. कामगारांच्या संघटनेचा इतिहास १९८२ पासून सुरू होऊ नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप मोठा होता, त्याच्या जखमा आमच्या गावांनीही सोसल्या. पण सुरुवात नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून झाली पाहिजे. फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवणारे, १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळवून देणारे. भारतीय कामगार चळवळ जन्मली ती जातिविरोधी चळवळीच्या कुशीत, हे रविवारी संग्रहालय पाहायला येणाऱ्या माणसाला कळू द्यावे.

पाचवी जमिनीची. ही जागा संग्रहालयाला कशी मिळाली हेही संग्रहालयाने सांगावे. १९९१ च्या विकास नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे करायचे ठरले आणि शहराचा वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात ही दुरुस्ती टिकली. गिरणगावात मनोरे आणि मॉल उभे राहिले त्याचे हे गणित आहे. ते एका भिंतीवर नकाशासह मांडता येते.

सहावी. संग्रहालयात माहिती देणारे, यंत्रे चालवून दाखवणारे, तिकिटे फाडणारे कोण असतील? त्यांत गिरणी कामगारांची मुले-नातवंडे असावीत, आणि नेमणुका मुकादमी पद्धतीने होऊ नयेत. नाहीतर रात्री झाडू मारणाऱ्याची जात आणि दिवसा माहिती सांगणाऱ्याची जात पाहून कोणीही समजून जाईल, की धोटा अजून तिथेच आहे.

६

हे सर्व महापालिकेला सांगून आपले काम संपत नाही. तोंडी पुरावा ज्यांच्याजवळ आहे ती माणसे मुंबईत फारशी उरली नाहीत. ती गावी परतली. भोरच्या, वेल्ह्याच्या, खंडाळ्याच्या वाड्यांवर ओसरीला बसलेली ऐंशी-नव्वदीची म्हातारी माणसे हेच त्या संग्रहालयाचे खरे दप्तर आहे, आणि ते दप्तर दरवर्षी जळते आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून इतिहास लिहून २००४ साली पुस्तक केले; त्याने केवढे तरी वाचले. परंतु खेड्यांत परतलेल्यांपर्यंत आपणच पोचू शकतो.

शिक्षक मित्रांना मी एक साधे काम सुचवतो. प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका गिरणी कामगाराकडे विद्यार्थी पाठवावा. त्याने ‘गिरणी कशी होती’ असे ढोबळ विचारू नये; ढोबळ प्रश्नाला ढोबळ उत्तर मिळते. असे विचारावे: कामाला कोणी लावले? मुकादम कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा? तुमच्या खात्यात कोण कोण होते, दुसऱ्या कोणत्या खात्यात तुमचे कोणी नव्हते? पाणी कुठे पीत होता? डबा कोणाबरोबर खात होता? खोली कोणत्या चाळीत, खानावळ कोणाची? मागावर बसावे असे कधी वाटले का, आणि मग काय झाले? उत्तर जसे दिले तसे, त्याच बोलीत लिहून घ्यावे. शुद्ध करू नये. घरात बदली पास, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती असेल तर तिचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ कागद घरातच राहू द्यावा. नाव छापायचे का, हे त्या माणसाला विचारूनच ठरवावे. स्त्रियांना वेगळे भेटावे, कारण नवरा शेजारी बसला की बाई बोलत नाही. सवर्ण कामगारांकडेही जावे. धोट्याची हकिकत त्यांच्या बाजूनेही यायला हवी. कित्येकांच्या मनात ती सलत असेल.

हे जमले की त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक संग्रहालयाकडे पाठवावी, दुसरी गावच्या शाळेत ठेवावी. संग्रहालयाने घेतली तर उत्तम. नाही घेतली तरी त्यांना ती मिळाली होती, एवढी नोंद राहील.

कोणी म्हणेल, गिरण्या गेल्या, धोटे गेले, बिनधोट्याचे माग आले, हे उकरून काय मिळणार? आमच्या किकवीतली पोरे रोज शिरवळच्या कारखान्यांकडे जातात. कोणी कायम, बहुतेक कंत्राटी. कोणत्या विभागात कोण जातो आणि झाडलोटीला कोण उरतो, हे आजही कागदावर कुठे लिहिलेले नाही. ठेकेदार सांगतो, ‘तिकडे जागा नाही.’ माझ्या वडिलांना मुकादमाचे वाक्य ऐकून काय विचारावे ते सुचले नाही, कारण ते वाक्य आधी कोणी कोणाला म्हटले होते आणि त्यामागे काय होते, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. त्या संग्रहालयातून बाहेर पडणाऱ्या पोराला ते ठाऊक असावे, आणि उद्या ठेकेदाराने तेच वाक्य उच्चारले तर त्याने तिथल्या तिथे विचारावे: ‘का नाही?’